वाचकांचे प्रश्न : चार तासांत नाइटचं ब्रीद

या वेळी टपालात आलेले बरेच प्रश्न एकाच खेळाभोवती फिरत होते, म्हणून सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. खेळ आहे ‘पेंड्रागन’. ग्रेग स्टॅफर्ड यांनी रचलेला आणि केऑसियमने 1985 मध्ये प्रथम काढलेला, आर्थर राजाच्या दरबारातल्या नाइटांचा, म्हणजे शपथ घेतलेल्या चिलखतधारी योद्ध्यांचा, हा रोलप्लेइंग गेम: प्रत्येक खेळाडू एकेक नाइट होतो, गेममास्टर बाकीचं जग चालवतो आणि अडलेल्या जागी फासा टाकायचा. घरच्या टेबलावर तो वर्षानुवर्षं चालतो. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे खेळप्रेमींच्या जाहीर मेळाव्यात, अनोळखी सहा जणांसमोर चार तासांत चालवायचा झाला की अडचणी वेगळ्याच येतात. खाली दिलेले नियमांचे आकडे पाचव्या आवृत्तीचे आहेत. 2024 मध्ये सहाव्या आवृत्तीचं मूळ पुस्तक आलं आणि त्यात काही आकडे बदललेत, तेव्हा आपल्या टेबलावर कुठली आवृत्ती आहे ते नोंदणीच्या मजकुरातच लिहून टाका.

प्रश्न (लेस्टरहून) : माझा प्रसंग, म्हणजे खेळासाठी लिहिलेली गोष्ट, घरी दोन बैठकांत, मिळून नऊ तास चालला. बर्मिंगहॅमच्या कन्व्हेन्शनला चार तासांचा स्लॉट मिळालाय. काय कापू?

चार तासांचा स्लॉट म्हणजे प्रत्यक्ष खेळाचे सव्वातीन तास धरा. लोक उशिरा येतात, कुणाला टेबल सापडत नाही, मध्ये एकदा चहापाणी होतं, आणि पुढच्या स्लॉटची मंडळी दहा मिनिटं आधीच मागे येऊन उभी राहतात.

कापायचं ते प्रवास, शिकार आणि वाटेतले दरोडेखोर. हे घरी रंगतं, कारण तिथे नाइटांची एकमेकांशी ओळख असते. कन्व्हेन्शनला तीनच गोष्टी ठेवा: एक हुकूम, एक गाठभेट आणि एक निर्णय. निर्णय असा हवा की शीटवर, म्हणजे नाइटचे गुण आणि स्वभाव आकड्यांत मांडलेल्या कागदावर, लिहिलेले दोन मोठे आकडे एकमेकांवर आदळतील. हे नसेल तर तुमचा खेळ चिलखत घातलेल्या लोकांची मारामारी होतो. तशी मारामारी इतर खेळांत जास्त चांगली होते.

उदाहरण घ्या. सॅलिसबरीचा अर्ल, म्हणजे या नाइटांचा धनी असलेला उमराव, सांगतो, “एव्हन नदीवरचा पूल अडवून बसलेल्या त्या नाइटचं शिर मला हवं.” पुलावर लढत होते, तो नाइट हरतो, शिरस्त्राण काढतो, गुडघ्यावर बसतो आणि उजव्या हाताचा मोजा पुढे करून जीवदान मागतो. आर्थरच्या कथा लिहिणाऱ्या मॅलरीच्या ग्रंथात (कॅक्स्टनने तो 1485 मध्ये छापला) गोलमेजाचे नाइट दर पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाला, शपथ घेतात. दया मागणाऱ्याला दया द्यायची, स्त्रियांच्या मदतीला धावायचं, अन्यायाच्या भांडणात तलवार उचलायची नाही, ही त्यातली कलमं. म्हणजे एकीकडे धन्याशी निष्ठा, दुसरीकडे शपथ. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि दोन्ही पाळता येत नाहीत. खेळाडू इथे वीस मिनिटं आपापसांत बोलले तर मध्ये पडू नका. त्या वीस मिनिटांसाठीच हा खेळ मांडलेला असतो.

घड्याळ असं लावा. दहा ते दोनचा स्लॉट असेल तर 10:15 पर्यंत ओळखी आणि नावाच्या पाट्या. 10:40 पर्यंत दरबारातली मेजवानी, तिथेच नियम शिकवायचे आणि हुकूमही द्यायचा. 11:10 पर्यंत पुलाअलीकडचं गाव, जिथे त्या नाइटबद्दल दोन उलटसुलट गोष्टी कानावर पडतात. दहा मिनिटं सुट्टी. 12:10 पर्यंत पुलावरची बोलणी आणि लढत, 12:50 पर्यंत शरणागती आणि निर्णय. त्यानंतर अर्धा तास दरबारात परत येऊन जबाब द्यायचा. शेवटच्या पंधरा मिनिटांत हिवाळा, म्हणजे नंतर नाइटच्या घरी काय झालं ते, आणि कीर्तीचे गुण, म्हणजे ग्लोरी. 1:35 ला टेबल मोकळं. उरलेली पंचवीस मिनिटं राखीव. ती बहुतेक वेळा लढतीत जातात.

11:30 वाजले तरी पूल दिसला नसेल तर गाव सोडून द्या. गावात कळायची गोष्ट पुलावरच्या नाइटच्या स्क्वायरच्या, म्हणजे त्याच्या सेवेतल्या शिकाऊ पोराच्या, तोंडी घाला. पण दरबारातला जबाब कधीही कापू नका. आपण काय केलं आणि का केलं हे नाइटला आपल्या धन्यासमोर उभं राहून सांगावं लागतं. वेळ संपली म्हणून हा भाग गेला, तर पुलावरच्या निर्णयाची किंमत कुणाला मोजावीच लागत नाही.

प्रश्न (नाशिकहून) : तयार नाइट किती न्यावेत आणि शीटवर काय लिहावं?

सहा खुर्च्यांना सात. शेवटी येणाऱ्यालाही दोनांतून एक निवडायला मिळायला हवा.

मूळ शीटवर स्वभावाच्या तेरा जोड्या असतात, प्रत्येक जोडीची बेरीज 20. नवख्याला त्या सव्वीस आकड्यांची भीती वाटते. तेरा जोड्या राहू द्या, पण प्रसंगात लागणाऱ्या चार-पाचच ठळक छापा. आमच्या उदाहरणात दयाळू–क्रूर, विनम्र–गर्विष्ठ, न्यायी–मनमानी, शूर–भित्रा या चार पुरतात. प्रत्येक नाइटला एक स्वभाव 16 द्या आणि एक उत्कट भावना, म्हणजे पॅशन, 16 द्या. दोन नाइटांना तीच जोडी मिळू देऊ नका. एकाला दयाळू 16 आणि अर्लशी निष्ठा 16, दुसऱ्याला गर्विष्ठ 16 आणि स्वतःची प्रतिष्ठा 16, तिसऱ्याचा भाऊ त्याच पुलावर पडलेला, म्हणून कुटुंबावरचं प्रेम 16. असं केलं की गेममास्टरने भांडण लावायची गरज उरत नाही.

पार्श्वभूमी तीन ओळींची. चौथी ओळ कुणी वाचत नाही. शीटच्या मागे शपथेची कलमं मोठ्या अक्षरांत छापा, निर्णयाच्या वेळी लोक ती उलटून बघतात. अक्षर 12 पॉइंटच्या खाली नको. कन्व्हेन्शनच्या हॉलमधला उजेड बऱ्याचदा मंद असतो.

प्रश्न (पुण्याहून) : नियम समजावण्यातच पाऊण तास जातो, लोक मोबाइल काढतात. तोडगा?

नियम सांगायचेच नाहीत, मेजवानीत वापरून दाखवायचे. पहिला फासा बाराव्या-पंधराव्या मिनिटाला पडला पाहिजे.

सुरुवातीला एवढंच बोला: “वीस बाजूंचा फासा टाका. आकडा तुमच्या कौशल्याइतका किंवा कमी आला तर जमलं. नेमका तेवढाच आला तर फार उत्तम जमलं. 20 आला तर फजिती.” मग दरबारात दोन नाइटांना अर्लच्या शेजारची एकच खुर्ची हवी असते, किंवा कुणीतरी नाचायला पुढे येतं. तिथे दोघांना एकाच वेळी फासे टाकायला लावा. दोघांनाही जमलं तर ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. हाच नियम तलवारीलाही लागतो, म्हणजे लढत शिकवायचं काम निम्मं इथेच झालं.

नवख्यांचा गोंधळ एकाच जागी होतो: फासा कौशल्याच्या आत हवा, पण जितका मोठा तितका बरा. कोड्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे एक जोडी उघडून दाखवणं. तुमची तलवार 15, समोरच्याची 12. तुम्हाला 9 आला, त्याला 11 आला: दोघांना जमलं, जिंकला तो. तुम्हाला 13, त्याला 14: त्याचा फसला, जिंकलात तुम्ही. हे दोनदा दाखवलं की पुरे.

गणित आवडणाऱ्यांसाठी: 15 विरुद्ध 12 मध्ये फाशांच्या 400 जोड्यांपैकी 219 मध्ये पंधरावाला जिंकतो, 129 मध्ये बारावाला, 12 मध्ये बरोबरी होते आणि 40 मध्ये दोघांचंही चुकतं. म्हणजे तीन गुणांचा फरक असूनही कमी कौशल्याचा नाइट जवळजवळ तीनातून एकदा जिंकतो. प्रसंग लिहिताना हे ध्यानात ठेवा. “हा शत्रू कमकुवत आहे, याला सहज हरवतील” हा हिशेब या खेळात चालत नाही.

प्रश्न (न्यू जर्सीहून) : खेळाडू म्हणतात, “माझा नाइट काय करणार हे फासा ठरवणार असेल तर मी कशाला बसलोय?” त्यांना काय सांगू?

ही तक्रार खरी आहे. ती टाळून पुढे जाऊ नका. या खेळाचा जीव इथेच आहे.

आधी नियम नेमका कुठे लागतो ते पाहू. स्वभाव 16 किंवा त्याहून जास्त असला की तो त्या नाइटबद्दल जगजाहीर असतो. असा माणूस कसोटीच्या क्षणी सहजासहजी उलट वागू शकत नाही, म्हणून तेव्हा फासा. 15 पर्यंत खेळाडू मोकळा आहे. दयाळू 16 असलेल्या नाइटसमोर गुडघ्यावर बसलेला शत्रू आहे आणि खेळाडू म्हणतो, “मी मारतो.” तेव्हा दयाळूपणावर फासा. 16 च्या आत आला तर हात थांबतो. नाही आला तर क्रूर 4 वर फासा. तोही फसला तर निर्णय पूर्ण खेळाडूचा. टक्केवारी काढली तर 80 टक्के वेळा दया, 4 टक्के वेळा क्रौर्य आणि 16 टक्के वेळा मोकळीक.

आता टेबलावर काय करायचं. शीट वाटतानाच सांगा: “16 आणि त्यावरचे आकडे म्हणजे तुमच्या नाइटची ख्याती. ती नको असेल तर दुसरा नाइट उचला.” निवड आधी झाली की तक्रार निम्मी होते. दुसरं, खेळाडूचा बेत स्वभावाशी जुळत असेल तर फासा मागूच नका. गेममास्टर इथेच जास्त चुकतात. दर प्रसंगात स्वभावाचे फासे मागत बसतात आणि खेळाडूला आपण बाहुली झालोय असं वाटू लागतं. चार तासांत एका खेळाडूकडून असे दोन किंवा फार तर तीन फासे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. फासा “काय” ते सांगतो, “कसं” ते खेळाडू सांगतो. फासा पडल्यावर “तू त्याला सोडतोस” असं म्हणू नका. “तलवार उचललेली आहे आणि हात खाली येत नाहीये. काय आठवलं तुला?” असं विचारा आणि गप्प बसा. कुणी म्हणतं, मी तलवार नदीत फेकतो. कुणी म्हणतं, मी सोडतो पण त्याच्याकडे पाहत नाही. तिथून पुढे “फासा ठरवतो” ही तक्रार कुणी करत नाही, कारण ते वाक्य त्याचं स्वतःचं असतं.

पॅशनचं थोडं वेगळं. तो फासा खेळाडू आपणहून मागतो. जमला तर एका कौशल्यात 10 ची भर पडते. तलवार 15 ची 25 झाली की 20 च्या वरचे 5 फाशात मिळवायचे, म्हणजे 15 ते 20 यांतला कुठलाही आकडा आला तरी उत्तम यश. वीसातून सहा वेळा! फसला तर मन खचतं आणि पुढच्या फाशांना 5 ची कात्री लागते. फजिती झाली तर नाइट वेडापिसा होऊन रानात निघून जातो. घरच्या मोहिमेत हे सुंदर कथानक होतं, पण कन्व्हेन्शनला खेळाडू दोन तास नुसता बसून राहतो. म्हणून वेड एका दृश्यापुरतं ठेवा. दरबारात जबाब चालू असताना तो अनवाणी, चिखलाने माखलेला परत येतो.

प्रश्न (ठाण्याहून) : पहिल्याच लढतीत एक नाइट मेला. खेळाडू बिचारी उरलेला वेळ बघत बसली. माझं काय चुकलं?

तुमचं नाही, आकड्यांचं चुकलं. तयार नाइट असा असतो: ताकद 14, आकार 14, बेरजेला सहाने भागून पूर्णांक केला की प्रहार सहा बाजूंच्या 5 फाशांचा, सरासरी साडेसतरा. काटकपणा 13, त्यात आकार मिळवला की प्राणगुण 27. कड्यांचं चिलखत 10 अडवतं. हरलेल्याचा स्वतःचा फासा जमला असेल तर ढाल आणखी 6 अडवते. साधा घाव बसला तर सात-आठ गुण जातात आणि नाइट उभा राहतो. पण उत्तम यशाला फासे दुप्पट होतात: 10 फासे, सरासरी 35. ढाल नसेल तर 25 आत जातात, उरतात 2. काटकपणाइतकी किंवा त्याहून मोठी एकच जखम ही मोठी जखम धरली जाते आणि प्राणगुण सातच्या खाली गेलेला नाइट बेशुद्ध पडतो. थोडे फासे जास्त पडले की मृत्यू.

हे किती वेळा होईल? सहा शत्रू, चार फेऱ्या, 24 फासे, प्रत्येकी वीसात एक शक्यता. एकदा तरी उत्तम यश येण्याची शक्यता सुमारे 70 टक्के. म्हणजे तुमच्या टेबलावर झालं ते अपघाताने झालं नाही, ते होणारच होतं. प्रथमोपचाराने एका जखमेमागे 1 ते 3 गुण परत येतात, त्याने नाइट उठत नाही.

उपाय सांगतो. पहिली लढत बोथट शस्त्रांनी किंवा घोड्यावरून पडेपर्यंतच ठेवा आणि नुकसान निम्मं धरणार हे आधी मोठ्याने जाहीर करा. शत्रूंना पाचऐवजी चार फासे द्या. मग उत्तम यशाचे सरासरी 28 होतात, आणि ढाल मिळाली तर 12 आत जातात, म्हणजे मोठ्या जखमेच्या एक पायरी अलीकडे. शत्रू सहा नकोत, चार पुरे. आणि मुख्य म्हणजे पडलेल्या नाइटला मारून कुणाचाच फायदा नसतो, हे विसरू नका. मध्ययुगात जिवंत नाइटची खंडणी मिळायची, म्हणून शत्रू त्याला कैद करेल. कैद झालेल्याला शत्रूच्या तंबूत बसून बोलता येतं, आणि पुलावरच्या नाइटची खरी बाजू कळण्याची ती सर्वांत चांगली जागा आहे.

एवढं करूनही कुणी पडलंच तर त्याच्या स्क्वायरची शीट पुढे करा. प्रत्येक नाइटमागे एक असतोच. अर्ध्या पानाची शीट, चार कौशल्यं. धन्याचं चिलखत उतरवणारा तो पोरगा निर्णयाच्या वेळी जे बोलतो ते टेबलावरच्या कुठल्याही नाइटपेक्षा जास्त लागतं.

प्रश्न (बर्मिंगहॅमहून) : इथल्या मराठी मित्रांसाठी एक टेबल मराठीतून चालवायचंय. शब्द कुठून आणू?

मराठीतून जरूर चालवा. मराठीत असं एक हत्यार आहे जे इंग्रजी टेबलाला मिळत नाही: तू, तुम्ही आणि आपण. नाइट अर्लशी ‘आपण’ने बोलेल, बरोबरीच्या नाइटशी ‘तुम्ही’ने, स्क्वायरशी ‘तू’ने. खेळाच्या सुरुवातीलाच हे ठरवा. मग पुलावर दोन नाइट सभ्यपणे बोलत असताना एकाने नुसतं “बाजूला हो” म्हटलं, की टेबलावरच्या सगळ्यांना कळतं की आता तलवारी निघणार. गर्विष्ठपणाचा फासा कधी मागायचा हेही यावरून ठरवा. ‘तू’ ऐकून घेणं हीच त्याची कसोटी.

‘शिव्हलरी’ला, म्हणजे नाइटांच्या आचारधर्माला, क्षात्रधर्म म्हणू नका. त्यात जन्माचा अर्थ येतो, इथे शपथ घेऊन मिळालेली गोष्ट आहे. ‘ब्रीद’ हा शब्द आम्हाला जवळचा वाटतो: ब्रीद पाळायचं असतं आणि मोडलं की लोक विचारतात. धन्याच्या घरी राहून त्याच्याच घोड्यावर, त्याच्याच चिलखतात लढणाऱ्या नाइटला ‘बारगिरासारखा’ म्हटलं की लगेच समजतं. लष्करी चाकरीच्या बदल्यात जमीन मिळालेल्या नाइटसाठी ‘सरंजाम’ जुळतो. ‘इनाम’ जुळत नाही, कारण त्यात सहसा लष्करी चाकरीची अट नसायची. पण हे शब्द समजावण्यापुरते वापरा. खेळ पुण्यात न्यायचा नाही, तो सॅलिसबरीतच राहू दे.

स्वभावांच्या नावांत दोन खड्डे आहेत. ‘ट्रस्टिंग’ म्हणजे विश्वासू नव्हे. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकावा तो. शीटवर ‘विश्वास टाकणारा’ असं लांबलचक लिहावं लागलं तरी चालेल. आणि ‘प्राउड’ला अभिमानी लिहिलंत तर खेळाडू ते कौतुक समजून 18 घेतील. तिथे ‘गर्विष्ठ’च हवं. ‘सर’ ही पदवी नेहमी नावासकट घ्या. नुसतं “सर, चला” म्हटलं की शाळेतले मास्तर आठवतात आणि रंग उतरतो.

थोडक्यात

*अनोळखी टेबलावर शृंगार, बंदिवान, धर्म असे विषय कसे हाताळावेत? (बंगळुरूहून)* टेबलाच्या मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा: कुणीही त्याला हात लावला की दृश्य बदलायचं, कारण विचारायचं नाही. दरबारी प्रेम गाणी, पत्रं, रुमाल यांपुरतंच. नाइट स्त्रिया असतील का, याचं उत्तर “हो” असं शीट वाटण्याआधीच द्या, म्हणजे खेळातला अर्धा तास त्या वादात जात नाही.

*कीर्तीचे गुण चार तासांच्या खेळात द्यावेत का? (कोल्हापूरहून)* द्यावेत, आणि मोठ्याने द्यावेत. नेहमीच्या चांगल्या कामाला 10, खऱ्या पराक्रमाला 100. नाइटपद मिळताना 1000 मिळतात, त्याशेजारी ठेवून सांगितलं की आकड्याला वजन येतं. घरचा पूर्ण हिवाळा, म्हणजे शेती, घोडे, मुलंबाळं, इथे सोडा. प्रत्येकाला एक वाक्य विचारा: “त्या हिवाळ्यात तुझ्या घरी या गोष्टीबद्दल काय बोललं गेलं?”

*तलवार, बॅनर वगैरे नेऊ का? (दादरहून)* तलवार नको. बहुतेक कन्व्हेन्शनमध्ये खऱ्या पात्याच्या शस्त्रांना मनाई असते आणि दारातच अडवतात. ए-4 कागद दुमडून प्रत्येकासाठी ढालीच्या चिन्हाची पाटी करा. एका बाजूला नाव, दोन्ही बाजूंना चिन्ह. खेळाडू एकमेकांना नाइटच्या नावाने हाक मारू लागतात ते या पाटीमुळे. शिवाय माणशी वीस बाजूंचा एक आणि सहा बाजूंचे सहा फासे, दोन पेन्सिली जास्तीच्या.

*हॉलमध्ये इतका गोंगाट की शेवटच्या खुर्चीला ऐकूच जात नाही. (लेस्टरहून, दुसरा प्रश्न)* भिंतीलगतचं टेबल मागून घ्या आणि भिंतीकडे पाठ करून स्वतः बसा, म्हणजे तुमचा आवाज समोर जातो आणि खेळाडूंची नजर इतर टेबलांवर भटकत नाही. लांबट टेबल असेल तर टोकाला न बसता लांब बाजूच्या मध्यावर बसा. शरणागतीच्या दृश्यात ओरडू नका. उठून त्या खेळाडूच्या खुर्चीजवळ जा, पुलावरच्या नाइटची विनंती त्याच्याचसमोर हळू आवाजात म्हणा. बाकीचे पाच जण ऐकायला आपोआप पुढे वाकतात.